वाचनालयाच्या माळ्यावरची सहा इंची दुर्बीण: दुरुस्ती, आणि नंतर गावाला आकाश दाखवणं

खारेवारे

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं गाव. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा गावच्या चाकरमान्यांनी मुंबईत वर्गणी काढून वाचनालयाला एक दुर्बीण दिली होती. सहा इंची न्यूटोनियन (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी), पत्र्याची नळी आणि ओतीव लोखंडाचं वजनदार इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या चालीप्रमाणे फिरवता येणारी बैठक. काही वर्षं ती नेमाने बाहेर निघायची. मग ज्यांना ती लावता यायची ते गुरुजी बदलून गेले आणि नळी माळ्यावर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांमागे गेली. यंदा माळा आवरताना ती भंगारात काढायचा विषय निघाला, तेव्हा मी कार्यकारिणीकडून ती मागून घेतली. सध्या वाचनालयाच्या पडवीत तिचं काम चालू आहे. सोबत आठवी-नववीची मुलं-मुली असतात.

खाली उतरवली तेव्हाची अवस्था सांगतो. नळीचा खालचा वीतभर भाग गंजून त्याची चाळण झालेली. फोकसरमधलं (प्रतिमा स्पष्ट करायच्या भागातलं) ग्रीस वाळून घट्ट, चाक फिरेना. दोन आयपीस (डोळ्याकडची भिंगं) होते, त्यातल्या एकात बुरशीचं जाळं. माउंटचा एक स्क्रू गायब आणि बाकीचे गंजून धरलेले. आणि मुख्य आरसा पाहिला तर कडेने पांढुरके डाग, मधे धुळीचा नि खाऱ्या हवेचा थर. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, आरसा गेला.

आरसा गेलेला नाही, आणि हा धागा मुख्यतः तेवढ्यासाठीच काढला आहे. दुर्बिणीत मोलाची एकच गोष्ट असते, ती म्हणजे काचेला दिलेला आकार. सहा इंचाच्या या आरशाची मधली खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर आहे, पण तो वक्राकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या छोट्याशा हिश्श्याइतका बिनचूक असावा लागतो. कुणीतरी कित्येक तास हाताने घासून तो आणलेला आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘६ - ४८’ लिहिलंय, अजून स्वच्छ वाचता येतं. म्हणजे व्यास ६ इंच, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ४८ इंच. खराब झालाय तो वरचा ॲल्युमिनियमचा मुलामा, आणि तो साधारण १०० नॅनोमीटर जाड, केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा. तो काढून नवा देता येतो. नळी नवी मिळते, स्क्रू मिळतात, आयपीस मिळतात. काच शाबूत आहे तोवर दुर्बीण भंगारात काढायची नाही. तुमच्याही गावात, शाळेत अशी एखादी पडून असेल तर कृपा करून आधी आरसा बाहेर काढून बघा.

आरसा धुतला त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक घाई करून काचेवर ओरखडे पाडतात. आधी हातातल्या अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढायला लावल्या. प्लास्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल, त्यावर आरसा तोंड वर करून. पहिल्यांदा फक्त पाण्याची बारीक धार, बराच वेळ, हात अजिबात लावायचा नाही. कारण त्या धुळीत वाळूचे कण असतात, बोट फिरवलं की तेच काच कापतात. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून आरसा त्यात बुडवून ठेवला. नंतर पाण्याखालीच कापसाचा बोळा नुसता ठेवायचा आणि एका रेषेत ओढायचा, तोही त्याच्या स्वतःच्या वजनाने, दाब शून्य. एका ओढीनंतर बोळा टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे, वाळल्यावर डाग राहतात. म्हणून शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं तेच. आरसा भिंतीला टेकवून उभा वाळवला आणि राहिलेले थेंब टिपकागदाच्या टोकाने उचलले. हे सगळं नववीतल्या एका मुलीने केलं, मी फक्त टब धरून होतो.

धुतल्यावर मधला भाग चांगला निघाला आहे, कडेचे डाग मात्र मुलाम्यातच आहेत, ते गेले नाहीत. आता जाणकारांना विचारायचंय ते असं: मुलामा लगेच करून घ्यावा की हा हंगाम असाच काढावा? माउंट तेच सोडवून वापरावं की प्लायवूडचं डॉब्सोनियन (वर-खाली नि आजूबाजूला हाताने फिरणारी साधी बैठक) करावं? आणि ज्यांनी गावासाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम केलेत त्यांनी गर्दीचं कसं करता ते कृपया लिहावं.

कोरीगड

वाचनखूण साठवली आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आर्द्रा

खारेवारे, आरसा धुण्याची पद्धत अगदी बरोबर. फक्त वाचणाऱ्यांसाठी एक भर घालते: हे दर महिन्याला करायचं काम नाही. थोड्या धुळीने दिसण्यात काही फरक पडत नाही, धुण्याने मात्र मुलामा झिजतो.

मुलाम्याचा निर्णय घ्यायची सोपी रीत आहे. रात्री खोली काळोखी करा, आरशाच्या मागे टॉर्च धरा आणि पुढून बघा. चांगल्या मुलाम्यातूनही दिव्याचा अंधुक निळसर ठिपका दिसतो, त्याने घाबरू नका. पण टाचणीने टोचल्यासारखी असंख्य भोकं दिसली किंवा कडेला सलग पारदर्शक पट्टा दिसला तर नवा मुलामा लागणारच. तुम्ही समुद्रकाठी आहात. ॲल्युमिनियमला खारी हवा एकदा लागली की डाग कडेकडून आत सरकत जातो. या हंगामात वापरा, पाऊस सुरू झाला की व्हॅक्यूम कोटिंग करणाऱ्याकडे पाठवा. देताना ‘वरून सिलिकॉन मोनॉक्साइडचा संरक्षक थर हवा’ असं आवर्जून सांगा. कोकणात तो नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा हीच वेळ येईल. जुना मुलामा घरी केमिकलने काढायच्या फंदात पडू नका, तो तेच काढतात.

कुरिअरने पाठवणार असाल तर आरशाच्या तोंडाला कापूस, कागद, बबलरॅप काहीही टेकता कामा नये. लाकडी खोक्यात आरसा फक्त कडेवर फोममध्ये धरलेला हवा. मी स्वतः नेहमी एसटीने मांडीवर घेऊन गेले आहे.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, देशातल्या हौशी खगोल संस्थांमध्ये सगळ्यात जुनी. तिथल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या विज्ञान शोधिकेत आरसे घासण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. अशा ठिकाणी एकदा आरसा घेऊन जा. आरशाचा आकार तपासणाऱ्या फूको चाचणीला दाढीचं ब्लेड, सूक्ष्म छिद्रातून येणारा उजेड आणि ९६ इंच मोकळी जागा एवढंच लागतं, पण आरशावर पडणाऱ्या सावल्या वाचणारा माणूस बरोबर हवा. १८५८ सालची ही युक्ती आजही घरगुती आरशांना पुरते.

नवा_गडी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी घेतलेली बरी नाही का? हल्ली मोबाईलवरून चालणाऱ्या, आपोआप ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणी मिळतात. वर्गणी पुन्हा निघेलच की.

खारेवारे

नवा_गडी, रास्त प्रश्न. नव्या दुर्बिणीला माझा विरोध नाही. पण आमच्याकडे समुद्राची हवा आहे, विजेचा भरवसा नाही आणि दुरुस्तीचं दुकान थेट पुण्या-मुंबईत. मोटार किंवा सर्किट बिघडलं की ती दुर्बीणही माळ्यावर जाणार, आणि तिला खाली आणणं कुणालाच जमणार नाही. या जुन्या दुर्बिणीतला प्रत्येक भाग गावातला सुतार, फॅब्रिकेशनवाला आणि ही मुलं मिळून दुरुस्त करू शकतात. ती बंद पडली यंत्र बिघडलं म्हणून नाही, ती एकाच माणसाला येत होती म्हणून. या खेपेला ती पंधरा-वीस जणांना यायला हवी आहे, आणि त्यासाठी त्यांच्या हातून ती एकदा पूर्ण उघडली जाणं मला नव्या दुर्बिणीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आर्द्राताई, मनापासून आभार. टॉर्च लावून पाहिलं. कडेला बोटभर पट्टा पारदर्शक आहे, मधे भोकं तुरळक. पावसाळ्यात पाठवायचं नक्की केलं.

सुतारपक्षी

माउंटबद्दल माझं स्पष्ट मत: इक्वेटोरियल बाजूला ठेवा, डॉब्सोनियन करा. लोकांची रांग लागली की कुणीतरी नळीला धरतंच, लहान पोर लटकतं. इक्वेटोरियल हललं की पुन्हा सगळं जुळवत बसा, शिवाय नळी फिरवली की आयपीस कुठल्या कुठे जातो आणि म्हाताऱ्या माणसांना मान वाकडी करावी लागते. ४८ इंच नाभीय अंतराची नळी डॉब्सोनियनवर ठेवली की डोक्यावरचा तारा बघतानाही आयपीस चार-साडेचार फुटांवर येतो. मोठ्यांना किंचित वाकावं लागेल, मुलांना एक पाट किंवा स्टूल पुरतो.

१८ मिलिमीटर मरीन प्लाय घ्या, साधा प्लाय तुमच्याकडे एका पावसात फुगेल. कापलेल्या कडांना प्रायमर न चुकता. खालच्या फिरत्या तळाला सनमायका लावा, पण गुळगुळीत चकचकीत नको, बारीक दाणेदार घ्या. त्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे, बरोबर तीन पायांच्या वर. चकचकीत सनमायक्यावर टेफ्लॉन आधी चिकटून राहतं आणि जोर लावला की झटक्याने सुटतं, मग ग्रह नजरेतून निसटतो. दाणेदारवर एका बोटाने सावकाश सरकते आणि सोडली तिथे थांबते. एवढं साधलं की मोटारीची गरज राहत नाही.

नळीसाठी गंजका भाग कापून टाकता येणार नाही, लांबी कमी पडेल. नवी पीव्हीसी किंवा जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, आणि आतून शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग. तो अजिबात चमकत नाही.

खारेवारे

फळ्याचा रंग! शाळेत अर्धा डबा उरलेलाच आहे. सुतारपक्षी, धन्यवाद, उद्याच मोजमाप घेतो.

फ्रेमाँटकर

धागा वाचून फार आनंद झाला. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. ज्यांच्या नावाने हे माउंट ओळखलं जातं ते जॉन डॉब्सन याच शहरात रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे करायचे आणि दुर्बीण रस्त्यावर ओढत आणून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘या, शनी बघा’ म्हणायचे. १९६७ मध्ये मठ सुटला आणि १९६८ मध्ये त्यांच्याभोवती फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांचा गट उभा राहिला. ही रचना त्यांनी कुणालाही करू दिली, हक्क सांगितला नाही. २०१४ मध्ये ते गेले. तुमचं वाचनालय तेच काम करतंय.

निवृत्त_मास्तर

मी शाळेत बरीच वर्षं हे कार्यक्रम केले, त्यामुळे गर्दीबद्दल लिहितो.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट सूर्याची. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळ्या-हिरव्या काचेची चकती यायची, तिच्यावर ‘सन’ लिहिलेलं असायचं. तुमच्या पेटीत असेल तर आजच फोडून टाका. सगळा सूर्यप्रकाश एकवटतो तिथेच ती बसते, तापून तडकते आणि डोळा क्षणात जातो. सूर्य दाखवायचा तर नळीच्या पुढच्या तोंडाला सौर फिल्म, घट्ट बसवलेली, आणि दर वेळी आधी ती सूर्यासमोर धरून छिद्र आहे का ते तपासलेली. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवायचा. दिवसा दुर्बीण एक मिनिटही एकटी सोडायची नाही.

आता रांग. ४८ इंचांच्या तुमच्या आरशाला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की साधारण ४९ पट, १० मिलिमीटरचा लावला की १२२ पट मोठं दिसेल. कार्यक्रमात पहिलाच वापरा. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह दृष्टिक्षेत्रातून सरकत जातो. ४९ पटीला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्याला चार मिनिटं लागतात, १२२ पटीला दोनही नाहीत. ज्या कडेने ग्रह आत येतो तिथे तो लावून ठेवला की चार-पाच माणसं दुर्बिणीला हात न लावता बघून घेतात, मग पुन्हा सारखी करायची.

काय दाखवायचं? अष्टमीच्या आसपासचा चंद्र. पौर्णिमेचा दाखवू नका, त्यावर सावल्याच नसतात, विवरं सपाट दिसतात. गुरूचे चार चंद्र. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे धार करून अगदी रेघेसारखी झाली होती, आता पुन्हा उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वाधिक उघडतील, म्हणजे दरवर्षी आधीपेक्षा चांगली दिसणार. मृगातला तेजोमेघ काळोख असेल तर अप्रतिम. कृत्तिका मात्र या दुर्बिणीतून दाखवू नका, पूर्ण पुंजका एका वेळी मावत नाही. त्यासाठी साधी द्विनेत्री दुर्बीण गळ्यात ठेवा.

आणि ‘दिसलं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘कडी कुठल्या बाजूला तिरकी आहे?’ असं विचारा, मग कळतं.

आर्द्रा

मास्तरांच्या प्रतिसादाला +१, विशेषतः शेवटच्या ओळीला.

वायंगणी

अमावास्येच्या रात्री आमच्याकडे बायाबापड्या घराबाहेर पडत नाहीत. तुम्ही काळोख्या रात्रीच कार्यक्रम करणार, तर गाव येणार कसं? आणि गावाकडे खरी गर्दी गणपती नि शिमग्यालाच असते.

खारेवारे

वायंगणी, याच्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. अमावास्येचाच हट्ट धरायचं कारण नाही. पहिला कार्यक्रम शुद्ध सप्तमी-अष्टमीला, चंद्र दाखवायला. ज्यांनी एकदा चंद्रावरचे डोंगर बघितले ते पुढच्या काळोख्या रात्री शेजारणीला घेऊन येतात, हा आमच्या आळीतला अनुभव. म्हाताऱ्यांच्या समजुतीची चेष्टा करायची नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवलंय.

गणपतीत पाऊस असतो, ते सोडा. शिमग्याचं गणित मात्र चांगलं जमतं. होळी पौर्णिमेला, तेव्हा चंद्रप्रकाशात तारे बुडालेले असतात. पण पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण तास किंवा त्याहून थोडा उशिरा उगवतो. म्हणजे चार-पाच दिवसांनी संध्याकाळी काळोख मिळतो आणि पालख्या चालू असल्यामुळे चाकरमानी अजून गावातच असतात. तेव्हा मृग पश्चिमेकडे झुकलेला, दक्षिणेला अगस्तीचा तारा. आमच्या अक्षांशावरून अगस्ती क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त १९ अंश येतो. एप्रिल-मेमध्ये याच बाजूला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ २५ अंशांपर्यंत चढतो. उत्तरेकडच्या देशांतल्या बहुतेकांना तो दिसतच नाही. आम्हाला दापोलीच्या किनाऱ्यावर बसून दिसतो, आणि गावातल्या कुणालाच हे माहीत नाही.

पुळण

किनाऱ्याचं नाव निघालं म्हणून एक विनंती. वेळास, आंजर्ले या भागात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि नेमकं फेब्रुवारी-मार्चपासून पिल्लं बाहेर पडू लागतात. पिल्लं उजेडाकडे जातात, रात्रीचा समुद्र किनाऱ्यापेक्षा उजळ असतो म्हणून ती पाण्याकडे जातात. रिसॉर्टचे पांढरे दिवे किंवा मोबाईलचे टॉर्च लागले की भलतीकडे वळतात. घरट्यांच्या पुळणीवर कार्यक्रम करू नका. शाळेचं मैदान किंवा सडा (कातळाचं पठार) निवडा. आणि जिथे कराल तिथे टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, डोळ्यांची काळोखाची सवयही त्याने टिकते.

खारेवारे

पुळण, ठरलं. गावामागचा कातळसडा घेतोय, चारही बाजू उघड्या आहेत. सड्याच्या वाटेवर एकच खांब आहे, त्याचा दिवा कार्यक्रमापुरता बंद ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिलाय. सरपंचबाईंनी स्वतःच विचारलं, कासवांच्या हंगामात किनाऱ्याकडच्या खांबांनाही आडोसा लावता येईल का म्हणून. त्याचा वेगळा अर्ज करतोय, तुम्ही मजकूर बघून द्याल का?

खारेवारे

काही दिवसांनी लिहितोय. प्लायचं माउंट झालं, नळी रंगवली, आरसा बसवला. पहिल्या रात्री तेजस्वी तारा लावला तर तो चक्क तिकोनी दिसत होता. आर्द्राताई, काय झालं असावं?

आर्द्रा

आरसा धरणाऱ्या तीन क्लिपा जास्त आवळल्या गेल्या आहेत, तीन कोपरे त्यांचेच. काच चिमटली की आकार बिघडतो. क्लिप आणि काच यांच्यात साधा कागद सरकेल इतकी फट ठेवा. मग कॉलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं) पुन्हा तपासा: आधी छोटा तिरका आरसा, त्यात मोठ्या आरशाची पूर्ण कड दिसली पाहिजे, नंतर मोठ्या आरशाचे मागचे स्क्रू. शेवटी तारा किंचित आउट ऑफ फोकस करा, वर्तुळं एकात एक समकेंद्री दिसली की काम झालं.

खारेवारे

क्लिपा सैल केल्या, तारा गोल झाला. वर्तुळंही समकेंद्री. ज्या मुलीने आरसा धुतला तिनेच स्क्रू फिरवले.

सातपाटी

अभिनंदन! एक विचारतो: आता ही ठेवणार कशी? पुन्हा बुरशी येऊ नये म्हणून?

खारेवारे

सातपाटी, माळ्यावर नाही एवढं नक्की. वाचनालयातलंच एक लाकडी कपाट रिकामं केलंय. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं करून घ्यायचं. कपाटात खाली जुना तारेचा झिरोचा दिवा पावसाळाभर चालू राहील, एलईडीचा उपयोग नाही, तो ऊब देत नाही. दव पडलेल्या रात्री दुर्बीण आणली की लगेच झाकण लावायचं नाही, खोलीत उघडी ठेवून वाळू द्यायची आणि सकाळी बंद करायची.

किल्ली ग्रंथपालांच्या गल्ल्यात राहील. पुस्तकासारखीच दुर्बीणही वहीत सही करून न्यायची, फक्त नेणाऱ्याने आधी दोघांसमोर कॉलिमेशन करून दाखवलं पाहिजे. वहीत सध्या सहा नावं आहेत, त्यातली चार मुलींची. कोटिंग होऊन आरसा परत आला की इथेच कळवतो.